छपराचा क्लेम नाकारला, आता पुढे काय?

तुम्ही बडोद्याहून ऐकत असा, बेळगावहून किंवा इंदूरहून, आजची माहिती सगळ्यांना सारखीच लागू आहे. विम्याचे नियम देशभर एकच आहेत.

वादळात छप्पर गेलं, क्लेम केला आणि कंपनीचं पत्र आलं : नुकसान जुन्या झिजेमुळे झालं, सबब दावा नामंजूर. बहुतेक लोक एजंटवर चिडतात आणि पत्र कपाटात टाकतात. तसं करू नका. पत्रात नाकारण्याचं कारण आणि पॉलिसीचं कलम कुठलं दिलंय ते शोधा. तुमचं सगळं उत्तर तेवढ्यालाच द्यायचं आहे.

झीज विम्यात बसत नाही, हे खरं. स्लॅब वर्षानुवर्षं झिरपत असेल तर पैसे मिळणार नाहीत, आणि मागूही नयेत. पण जुने पत्रे वाऱ्याने उचकटले, तर ते जुने होते एवढ्यावरून वादळ खोटं ठरत नाही. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर हे धोके धरलेले आहेत. त्याच मे महिन्यात तौक्ते कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत वर सरकत गुजरातेत धडकलं. अशा दिवसांची वाऱ्या-पावसाची नोंद हवामान खात्याकडे असते. ती मागवा.

मग सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. सर्व्हेअर किती दिवसांनी आला, छपरावर चढला की अंगणातूनच बघून गेला, फुटलेल्या कौलांचे आणि मोडलेल्या वाशांचे फोटो आहेत का, हे त्यात तपासा. तुमचे ताडपत्री टाकण्याआधीचे फोटो आणि एखाद्या इंजिनिअरचं नुकसानीचं कारण सांगणारं पत्र सोबत जोडा. फुटकी कौलंही फेकू नका.

हे सगळं आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा आणि पोच घ्या. फोनवरचं बोलणं धरू नका. फौजेत तोंडी निरोपाला आम्ही कधी किंमत दिली नाही. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुदत एक वर्षाची. फी नाही आणि वकील चालत नाही, हे मला फार आवडतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तो मान्य नसेल तर ग्राहक आयोग मोकळा आहे. उलट क्रमाने मात्र जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, तीही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणीही व्हिडिओवरून होऊ शकते. त्या दिवशी मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवा आणि कागद तारखेच्या क्रमाने लावून ठेवा.