आजी-आजोबा, नातवंडं आणि महाराष्ट्राएवढं पाणी : ग्रेट लेक्सवर बोटीनं लांब जायचं तर काय माहीत हवं?

मुलगा किंवा मुलगी शिकागो, डेट्रॉइट नाहीतर टोरंटोकडे राहत असेल, तर फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पुढे आजी-आजोबा आणि नातवंडं, मागे निळंशार पाणी. फोटोखाली लिहिलेलं असतं ‘लेक मिशिगन’. बघणाऱ्याला प्रश्न पडतो, हे तळं असेल तर पलीकडचा काठ कुठंय?

काठ आहे, पण दिसत नाही. मिशिगन सरोवर सुमारे ४९० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १९० किलोमीटर रुंद आहे. म्हणजे मुंबई-नाशिक अंतरापेक्षाही जास्त रुंद. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ या पाच सरोवरांना मिळून ग्रेट लेक्स म्हणतात. पाचही एकत्र केली तर क्षेत्रफळ साधारण २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर भरतं. महाराष्ट्राच्या जवळपास ८० टक्के!

या पाण्यावर घरच्या बोटीनं आठवडेच्या आठवडे फिरणारी रिटायर्ड जोडपी बरीच असतात. पूर्व अमेरिकेला वळसा घालणारा ‘ग्रेट लूप’ हा सुमारे ९,६०० किलोमीटरचा जलमार्गही इथूनच जातो. त्यातला सरोवरांचा टप्पा बहुतेक जण उन्हाळ्यात करतात. तेव्हाच शाळांना सुट्टी असते आणि नातवंडं बोटीवर येतात.

सहल भारीच आहे. पण तिच्यातले बरेचसे धोके एकाच समजुतीतून येतात : ‘तळंच तर आहे!’

‘तळ्यात कसल्या आल्यात लाटा?’

१० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज सुपीरियरमधल्या वादळात बुडालं. त्यावरचे सगळे २९ जण गेले.

नोव्हेंबर हा वादळांचा महिना, उन्हाळा त्या मानानं शांत. पण इथल्या लाटांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. समुद्रातल्या मोठ्या लाटांमध्ये बहुतेक वेळा बरंच अंतर असतं, बोट सावकाश वर जाते आणि खाली येते. सरोवरातल्या लाटा जवळजवळ आणि उभ्या चढणीच्या असतात. एकीतून सावरेपर्यंत दुसरी आदळते. ईरी तर सरासरी १९ मीटरच खोल आहे, त्यामुळे तिथं वारा सुटला की पाणी पटकन खवळतं.

अमेरिकेचं हवामान खातं साधारण २२ नॉट्स, म्हणजे ताशी ४० किलोमीटर वारा किंवा चार फुटांच्या लाटा अपेक्षित असतील तर लहान बोटींसाठी इशारा देतं. मुलं बोटीवर असतील तर इशाऱ्याची वाट बघण्यापेक्षा त्याच्या बऱ्याच अलीकडे स्वतःची मर्यादा ठरवलेली बरी.

‘मुलांना पोहता येतं की!’

सुपीरियरच्या मधल्या भागात जूनमध्येही पाणी ४-५ अंशांच्या आसपास असू शकतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिला धोका बुडण्याचा नसतो, श्वासाचा असतो. थंडीच्या धक्क्यानं माणूस धापा टाकतो आणि त्यात पाणी नाकातोंडात जातं.

यासाठी तिकडे १-१०-१ हा हिशेब शिकवतात. श्वास आवरायला १ मिनिट, हातपाय कामात येतील अशी १० मिनिटं आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. शिवाय हा हिशेब चालतो तो लाइफ जॅकेट अंगात असेल तरच.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालावंच लागतं. बंद केबिनमध्ये किंवा डेकखाली असतील तर सूट आहे. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठं घेतलं तर मूल खाली आणि जॅकेट वर, असं होतं. आणि ते आजी-आजोबांनीही घालायचं. आजोबा पडले तर त्यांना वर ओढायला बोटीवर कोण आहे?

‘बंदरात आलो, आता मारू दे उड्या’

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. बंदरातल्या धक्क्यावरून बोटींना वीज जोडलेली असते. कुठे वायरिंग बिघडलं तर करंट पाण्यात उतरतो. गोडं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा कमी वीज वाहून नेतं, त्यामुळे करंट पोहणाऱ्याच्या शरीरातून वाट काढतो. स्नायू आखडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. खाऱ्या पाण्यात हा धोका बराच कमी असतो.

म्हणून वीज जोडलेल्या धक्क्याजवळ पोहायचं नाही. कोणी असं अडकलंच तर पाण्यात उडी न मारता आधी वीज बंद करायची आणि रिंग फेकायची.

‘आजोबा आहेत ना, ते बघतील’

आणि आजोबांनाच चक्कर आली तर? म्हणून निघायच्या आधी मोठ्या नातवंडाला तीन गोष्टी शिकवा : इंजिन कसं बंद करायचं, नकाशाच्या स्क्रीनवर आपली जागा कुठे वाचायची आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर मदत कशी मागायची. नव्या रेडिओवर झाकणाखाली लाल बटण असतं. रेडिओची नोंदणी झालेली असेल आणि तो जीपीएसला जोडलेला असेल, तर बटण दाबताच बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवली जाते.

‘पाण्यावर कोण कागद बघतंय?’

मिशिगन हे एकच सरोवर पूर्णपणे अमेरिकेत आहे. बाकी चारांच्या मधून कॅनडाची सीमा जाते. आजी-आजोबा भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा घेऊन आले असतील, तर कॅनडात उतरायला त्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. नातवंडं आई-वडिलांशिवाय असतील तर आई-वडिलांचं सहीचं संमतीपत्र जवळ ठेवा. ते नोटरी केलेलं असेल तर उत्तम.

मग जायचं कुठून?

पहिल्याच सहलीला सुपीरियरच्या मध्यात कशाला? कॅनडाचा व्हिसा असेल तर ओंटारिओ आणि ह्युरॉनला जोडणारा ३८६ किलोमीटरचा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग आहे. नद्या, छोटी तळी आणि चाळीसहून अधिक लॉक्स. पीटरबरोला तर १९०४ पासून चालू असलेली लिफ्ट अख्खी बोट जवळपास २० मीटर उचलते. मुलं खूश!

अमेरिकेतच राहायचं असेल तर मिशिगन राज्याचा काठ धरून जा. बोटवाल्याला काठाकाठानं १५ मैलांच्या, म्हणजे २४ किलोमीटरच्या आत सुरक्षित बंदर मिळावं, या हिशेबानं तिथं आसऱ्याची बंदरं उभारली आहेत. रोज छोटा टप्पा करायचा आणि वारा वाढला की जवळच्या बंदरात शिरायचं.

त्यासाठी हाताशी जादा दिवस हवेत. ‘रविवारी अमुक गावी पोचायचंच, मुलांचे आई-बाबा न्यायला येणार आहेत’ असं ठरलं की शनिवारी वाईट हवेतही बोट काढायचा मोह होतो. म्हणून आई-बाबांना तारीख सांगा, गाव सांगू नका. त्या दिवशी बोट ज्या बंदरात असेल, तिथं त्यांनी गाडी घेऊन यावं.