मूठभर वाळू, खुलभर दूध

आसनगाव स्टेशनात उतरलं की माहुलीचा डोंगर दिसतो. माहुली, भंडारगड आणि पळसगड असं हे गडांचं त्रिकूट. शेजारच्या सुळक्यांची नावं नवरा, नवरी, भटोबा. १६३६ मध्ये निजामशाही वाचवण्यासाठी शहाजीराजांनी अखेरची झुंज याच गडावरून दिली. पण लेकराला कडेवर घेऊन डोंगर दाखवणारं घरचं माणूस आधी सांगतं ती या दगडी वऱ्हाडाचीच गोष्ट. मुलाला इतिहास नंतर कळतो, नवरी आधी दिसते.

अशा गोष्टींवर वाढलेल्या प्रेक्षकांपुढे महेश कोठारे यांनी १९९० मध्ये 'धडाकेबाज' आणला. 'छोटा जवान'मध्ये बालकलाकार म्हणून चमकलेल्या या दिग्दर्शकाला मुलांचे डोळे कशाने विस्फारतात हे पक्कं ठाऊक होतं. लक्ष्याच्या हाती एक बाटली लागते. आत हुबेहूब त्याच्याच तोंडावळ्याचा, बोटभर गंगाराम! दोन्ही भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या. समोर खलनायक कवट्या महांकाळ. सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळची आठवण करून देणारं नाव, मुलांच्या तोंडी लगेच बसणारं.

मला मात्र या सिनेमातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते ती बाटलीतली वाळू. अल्लाउद्दीनच्या दिव्यातला जिन मूळ गोष्टीत मागाल तितकं आणून देतो, मोजदाद नाही. गंगारामच्या जादूला वाळू लागते आणि ती सरत जाते. हसता हसता पोराच्या लक्षात येतं की, मागण्यालाही माप आहे.

हे माप आपल्याकडे जुनंच. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा ही राजाची इच्छा. हुकूम सुटतो, घराघरातलं दूध देवळात येतं, वासरं नि मुलं उपाशी राहतात, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्यांना जेवू घालते, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. गाभारा भरतो! इच्छा राजाची, पण ती पुरी होते म्हातारीच्या हातून. इतकी नेटकी पटकथा मी फार थोड्या सिनेमांत पाहिली आहे.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. तिथे पाठीला गळ टोचून नवस फेडण्याची प्रथा चालत आली आहे. ती पाहवत नाही. पण मागितलं ते फेडायचं, ही नवसाची रीत गंगारामच्या वाळूपासून फार लांब नाही.

यंदा फराळानंतर मुलांना 'धडाकेबाज' जरूर दाखवा. आधी खुलभर दुधाची कहाणी सांगा, तीही पुस्तक मिटून. आणि कसाऱ्याची गाडी आसनगावला थांबली, तर भटोबा कुठला ते बोटाने दाखवा.