जपानी निरोपाचा मायना

आपल्या देवळाली कॅम्पाच्या नावाला इंग्रजी शब्दकोशात जागा मिळालेली आहे, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. एकोणिसाव्या शतकात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत या छावणीत महिनोन्‌महिने बसून राहत. हाताला काम नाही, वर उकाडा आणि ताप; कित्येकांची डोकी फिरत. त्यांनी गावाचे नाव आणि आपला 'ताप' एकत्र करून 'डूलॅली टॅप' असा प्रयोग केला. पुढे ताप गळाला आणि 'डूलॅली' म्हणजे भ्रमिष्ट, एवढेच उरले. शब्द परमुलखी गेला, पण त्याची घरची ओळख मागेच राहिली.

परकी भाषा शिकताना आपल्या हातूनही असेच घडू शकते. आपण शब्द तेवढा उचलतो आणि त्याची रीतभात तिथेच विसरतो. जपानीच्या बाबतीत तर ही विसर फार महागात पडते, आणि ती सर्वांत आधी उघडी पडते मोबाइलवरच्या चार शब्दांच्या निरोपात.

महाराष्ट्रात जपानी शिकणारांची आज वाण नाही. पुणे हे या भाषेचे भारतातले एक मोठे केंद्र आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग जपानी शिकवतो, आणि 'एन-५' पासून 'एन-१' पर्यंतच्या पाच पायऱ्यांची परीक्षा पुण्यात बसून देता येते. समजा, कॅम्पातली एखादी मुलगी या पायऱ्या चढून टोकियोतल्या कचेरीत रुजू झाली. व्याकरण पाठ आहे. नित्याच्या वापरातली २,१३६ कांजी अक्षरेही तिने घोटली आहेत. अशात साहेबांचा निरोप येतो, 'उद्याची बैठक दहा वाजता.' आता उत्तर काय लिहावे?

कोशात 'समजले' याला 'ऱ्योकाइ' हा शब्द सापडतो. मित्रमंडळी एकमेकांना तोच लिहितात. तरुण मुले तर त्याचा 'ऱ्यो' आणि पुढे नुसता 'रि' करून मोकळी होतात. परंतु शिष्टाचाराची पुस्तके बजावतात की, वरिष्ठांना 'ऱ्योकाइ' लिहू नये. तेथे 'शोची शिमाश्ता' लिहावे, आणि गिऱ्हाइकाला त्याहून नम्र असे 'काशिकोमारिमाश्ता'. अर्थ तिन्हींचा जवळजवळ एकच, पण मान वेगवेगळा. यात नवल ते काय? धाकट्या भावाला आपण 'कळलं रे' म्हणतो. तेच मामंजींना म्हणून पाहा!

कचेरीतल्या निरोपाचा आरंभ बहुधा 'ओत्सुकारेसामा देस' या शब्दांनी होतो. शब्दशः पाहिले तर त्यात समोरच्याच्या श्रमांची दखल आहे. त्याचाच शेजारी 'गोकुरोसामा' दिसायला अगदी तसाच. पण तो थोराने धाकट्याला म्हणायचा. नव्या कारकुनाने तो साहेबांना लिहिला, तर साहेबांची पाठ थोपटल्यासारखे होते! बाहेरच्या कंपनीला लिहिताना 'ओसेवा नि नात्ते ओरिमास', म्हणजे आपला आधार आम्हांला आहेच, असा मायना हवा. दुसऱ्याच्या नावापुढे 'सान' लावायचे, स्वतःच्या नावापुढे कधीही नाही. आपणच आपल्याला 'राव' म्हणवून घेण्यातला तो प्रकार. आणि 'त्या दिवशी जमणार नाही' असे तोंडावर फेकण्याऐवजी 'त्या दिवशी जरा...' एवढेच लिहून पुढे टिंबे द्यायची. त्या 'जरा'ला जपानीत 'चोत्तो' म्हणतात. शहाणा माणूस उरलेले समजून घेतो.

इंग्रजीच्या वाटेने जपानीकडे जाणाऱ्याला हे सारे अवघड वाटते. मराठी माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', आणि आरंभी 'सा. न. वि. वि.' हे संस्कार आपल्यावर पोस्टकार्डानेच केले आहेत. हेच वाक्य मी काकांना पत्रात कसे लिहिले असते, असा प्रश्न शिकणाराने स्वतःला विचारावा. निम्मी वाट तेथेच सरेल.

जपानी निरोप इतके आखूड कसे झाले, याची कथाही मजेची आहे. १९६८ साली तेथे 'पॉकेट बेल', म्हणजे आपल्याकडचा पेजर, आला. पुढे त्यावर आकडे उमटू लागले आणि शाळकरी मुलींनी आकड्यांचीच भाषा केली. ४ चे उच्चार 'योन' आणि 'शि', ६ चा 'रोकु', ९ चा 'कु'. म्हणून ४६४९ म्हणजे 'योरोशिकु', आपल्या भाषेत 'लोभ असावा'. ०८४० म्हणजे 'ओहायो', सुप्रभात. ही सेवा सप्टेंबर २०१९ अखेर कायमची बंद झाली, पण आखूड लिहिण्याची खोड राहिली. नववर्षाच्या 'आकेमाश्ते ओमेदेतो, कोतोशि मो योरोशिकु' या लांबलचक शुभेच्छेचे मित्रांत 'आकेओमे, कोतोयोरो' होते. हसण्याला 'वाराइ' म्हणतात, म्हणून त्याचा रोमन 'डब्ल्यू'. चार-पाच ओळीने काढले की गवत उगवल्यासारखे दिसते, म्हणून हसू आले की 'कुसा', म्हणजे गवत, असेच लिहितात. साहेबांच्या अंगणात मात्र हे गवत लावू नये!

१९९९ साली डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ इवली चित्रे रेखाटली. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. आज आपण सर्रास वापरतो तो 'इमोजी' शब्द असा अस्सल जपानी आहे. कोरड्या निरोपाला त्याने चेहरा दिला. तरुण जपानी मंडळींना तर वाक्याअखेरचा पूर्णविरामही रागावल्यासारखा वाटतो, अशी चर्चा २०२४ मध्ये तेथील वृत्तपत्रांत रंगली होती.

शेवटी वेळेचे. मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर, त्याच वर्षी जूनमध्ये जपानात 'लाइन' ही निरोपसेवा सुरू झाली. निरोप वाचला की तेथे 'किदोकू', म्हणजे 'वाचले', अशी खूण उमटते. संकटात उत्तर लिहिणे जमले नाही, तरी माणूस निरोप वाचतो आहे एवढे आप्तांना कळावे, ही त्यामागची कल्पना. पुढे त्याच खुणेपायी रुसवे-फुगवे होऊ लागले, आणि वाचून गप्प बसण्याला 'किदोकू सुरू' असे नावही पडले.

देवळालीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा टोकियोत साडेबारा झालेले असतात. अशा वेळी परक्याला लिहायचे तर 'याबुन ओसोकु नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे अपरात्री त्रास देतो, क्षमा असावी, असे आधी म्हणावे लागते. आईच्या 'जेवलीस का?' ला हा उपचार नको. खूण उमटली म्हणजे लेक सुखरूप आहे, एवढे आईने समजावे. आणि सकाळी कचेरीची गाडी पकडण्याआधी आईला दोन शब्द लिहावेत, हे लेकीने.