दावणीला दोन, कळपात चारशे

सातवीच्या वर्गात सरासरी शिकवत होते. उदाहरणासाठी मुलांना आपापल्या घरची दुभती जनावरं मोजून आणायला सांगितली. बहुतेकांच्या वहीत आकडा होता एक किंवा दोन. ज्याचे अब्बा सौदीत नोकरीला आहेत, तो मुलगा म्हणाला, "बाई, तिकडे एकेका फार्मवर हजारो गाई असतात. मग आपण मागे का?"

प्रश्न रास्त होता. न्यूझीलंडमध्ये एका कळपात सरासरी ४४० च्या आसपास गाई असतात. अमेरिकेत निम्म्याहून अधिक गाई हजारापेक्षा मोठ्या गोठ्यांत आहेत. सौदीत अल-खर्ज भागातले फार्म तर त्याहून मोठे. आपल्याकडे मात्र घरामागे दोन-तीन जनावरं. तरीही १९९८ पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघालं.

कळप किती मोठा, हे चारा, पाणी आणि मजुरीवर ठरतं. न्यूझीलंडमध्ये पावसावर गवत वाढतं, गाई बहुतेक वर्षभर कुरणात चरतात. सौदीत भूगर्भातलं पाणी आटू लागलं, तेव्हा सरकारने हिरव्या चाऱ्याच्या लागवडीवर बंधन आणलं. अल्मराई कंपनीने तर चाऱ्यासाठी अर्जेंटिनात आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात जमिनी घेतल्या. आपल्याकडे कडबा शेतातला, राबणारे हात घरातले, आणि त्यातले बरेचसे बायकांचे. घराघरातलं दोन-चार लिटर दूध डेअरीवर जमा होतं, म्हणून ते बाजारापर्यंत पोहोचतं. १९४६ साली गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सहकारी संघ काढला, तो याच हिशेबावर.

तेव्हा लहान गोठा म्हणजे मागासलेपण नव्हे. पण त्यात एक मोठी जोखीम आहे. ४४० गाईंतली एक दगावली तर मालकाचं फारसं बिघडत नाही. दोनांतली एक गेली तर निम्मा धंदा बसतो, मुलांची फी अडते. २०२२ च्या लम्पी साथीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी हे सोसलं आहे.

म्हणून ज्यांच्या दारात जनावर आहे, त्यांनी तीन गोष्टी टाळू नयेत : वेळेवर लसीकरण, कानातला बिल्ला आणि विमा. आणि दुधाचे पैसे शक्यतो जी धार काढते तिच्याच खात्यात जमा व्हावेत.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फळ्यावर दोन्ही सरासऱ्या काढायला लावल्या. त्याने हिशेब केला आणि विचारलं, "बाई, आमच्या गाईच्या कानात बिल्ला नाही. कुठे मिळतो?" मी त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता सांगितला.