खासबागेच्या रांगा आणि वाकडे रेणू

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लाल मातीच्या हौद्याभोवती प्रेक्षकांच्या गोल रांगा बसतात. हौद्यालगतची रांग चांगलीच वळलेली, सर्वांत मागची त्यामानाने सरळ. म्हणजे नुसत्या वळणावरूनही आपण पुढे आहोत की मागे, हे कळतं. काही रेणूंची अडचण नेमकी हीच आहे.

१८८८ साली फ्रिडरिश रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक विचित्र पदार्थ आढळला. तो १४५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांच्या पुढे नितळ. मधली गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक: रेणू वाहतात, पण शेजाऱ्याशी दिशा जुळवून. सरळ रेणू सपाट काचेवर सुखाने समांतर राहतात. मधोमध बाक असलेल्यांना मात्र प्रत्येक ओळीत सारखाच वाक हवा असतो. सपाट पृष्ठभागावर एका ओळीला तो दिला, की शेजारची ओळ खासबागेसारखी सैल किंवा घट्ट होते. गोलावर तर सरळ रेणूंचीही पंचाईत: घडी कुठेतरी विस्कटतेच, बहुधा चार जागी.

मग वाकड्या रेणूंना सोयीची जागा कुठली? इदान निव आणि एफी एफ्राती यांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवलं, की ओळी न फाकता सर्वत्र एकसारखा वाक हवा असेल तर पृष्ठभागाची वक्रता ऋण हवी, आणि तीही सर्वत्र सारखी. ऋण वक्रता पाहायची तर डोंगरातली खिंड आहेच: दोन बाजूंना डोंगर चढतो, उरलेल्या दोन दिशांना वाट उतरते. पण खिंडीची वक्रता जागोजागी बदलते. एकसारखी ऋण वक्रता असलेला तुतारीच्या तोंडासारखा पृष्ठभाग गणिती बेल्त्रामींनी १८६८ मध्ये अभ्यासला. त्याच्यावरची कडी लहानमोठी असतात, तरी पृष्ठभागावर सरपटणाऱ्या मुंगीला प्रत्येक कड्याचं वळण तेवढंच जाणवेल! मला तरी या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

गोम एकच आहे. असा पृष्ठभाग कडा न येता अखंड पसरू शकत नाही, हे गणिती हिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे वाकड्या रेणूंच्या पातळ पापुद्र्याला कुठेतरी थांबावंच लागतं. जाड थरात मात्र तिसरी मिती मोकळी असते आणि रेणू वाकता वाकता पीळही घेतात. इव्हान डोझोव्ह यांनी २००१ मध्ये असं भाकीत केलं होतं. २०१३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तो पीळ दिसला, जेमतेम आठ-नऊ नॅनोमीटरचा.