मोकळा कुत्रा आणि मालकाचे भान

इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर कुत्र्याला दोरीविना नेण्यास सरसकट मनाई नाही. मात्र तो ‘प्रभावी नियंत्रणात’, म्हणजे नजरेच्या टप्प्यात आणि हाकेसरशी परतेल असा असावा, अशी तेथील ग्रामीण वर्तनसंहितेची अपेक्षा आहे. २००० सालच्या कायद्याने सर्वांसाठी खुल्या केलेल्या माळरानांवर नियम अधिक कडक असून, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा विचार करून १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्याला जास्तीत जास्त २ मीटर लांबीच्या दोरीने बांधूनच न्यावे लागते, तर गुरामेंढरांजवळ ही सक्ती वर्षभर असते. कुत्रा चावला नाही तरी पाठलागाच्या धास्तीने गाभण मेंढी गर्भ टाकू शकते, हे खेळकर कुत्र्याच्या मालकाला सहसा पटत नाही.

माणसांच्या बाबतीत १९९१ चा कायदा प्रत्यक्ष इजेची वाट पाहत नाही; इजा होईल अशी रास्त भीती एखाद्याला वाटली, तरी कुत्रा धोकादायकरीत्या अनियंत्रित ठरू शकतो. तेव्हा ‘घाबरू नका, तो काही करत नाही’ हे जगभरच्या श्वानप्रेमींचे आवडते आश्वासन तेथे बचाव म्हणून पुरेसे नाही. समोरचा कुत्रा बांधलेला दिसताच आपला जवळ बोलावणे हा शिष्टाचारही सकारण आहे, कारण तो बांधलेला कुत्रा आजारी, वृद्ध किंवा भित्रा असू शकतो. मात्र गाईगुरे अंगावर धावून आल्यास दोरी सोडून द्यावी, असाच अधिकृत सल्ला आहे.