शरीराचा तोल आणि एक विलक्षण ग्राही

सायकल शिकणाऱ्या मुलाचा तोल प्रथम वारंवार जातो. काही दिवसांनी मात्र तोच मुलगा, विचारही न करता, रस्त्याने सायकल नेऊ लागतो. ही किमया मुख्यतः अनुमस्तिष्काची, म्हणजे कवटीच्या मागील भागातील लहान मेंदूची होय. तेथील मोठ्या चेतापेशींचे वर्णन बोहेमियातील शास्त्रज्ञ पर्किंजे यांनी १८३७ साली केले. म्हणून त्यांस पर्किंजे पेशी म्हणतात. वृक्षाप्रमाणे फांद्या फुटलेल्या अशा एकेका पेशीला लाखाहून अधिक तंतू येऊन मिळतात.

एका पेशीचा संदेश दुसरीस पोचविणारे मेंदूतील प्रमुख उत्तेजक द्रव्य म्हणजे ग्लुटामेट. ते स्वीकारणाऱ्या प्रथिनास ग्राही असे नाव आहे. ग्लुटामेट चिकटताच सामान्यतः ग्राहीतील सूक्ष्म द्वार उघडते, विद्युत्‌भारित कण आत शिरतात व पेशी उद्दीपित होते. १९९३ साली मात्र याच कुळातील ‘डेल्टा-२’ हा ग्राही आढळला. त्याची रचना भावंडांसारखीच. पण ग्लुटामेटाने त्याचे द्वार काही उघडेना! मग याचे कार्य तरी कोणते?

१९९५ साली हा ग्राही नसलेले उंदीर निर्माण करण्यात आले. त्यांची चाल डळमळीत होती आणि पर्किंजे पेशींवरील चेतासंधी घटल्या होत्या. याचे कारण जपानी संशोधकांनी २०१० साली दाखविले. तंतूच्या टोकावर न्यूरेक्सिन, मध्ये सेरेबेलिन आणि पलीकडे हा ग्राही, अशी तीन प्रथिनांची साखळी दोन पेशींना जखडून ठेवते. दाराहून कडीचेच काम येथे मोठे आहे.

तथापि त्यात द्वार नाही, असे नव्हे. ‘लर्चर’ नावाच्या उंदरांत केवळ एका अमिनो आम्लाच्या बदलाने ते सतत उघडे राहते व पर्किंजे पेशी मरून जातात, असे १९९७ साली उघडकीस आले.

मनुष्यही यास अपवाद नाही. या ग्राहीच्या जनुकाचा काही भाग नसलेले रुग्ण २०१३ साली नोंदले गेले. त्यांना बालपणापासूनच नीट चालता येत नव्हते. डोळ्यांच्या हालचालींतही दोष होता. मूळ उणीव भरून काढणारे औषध अद्याप नाही. परंतु २०२० साली शास्त्रज्ञांनी चेतासंधी जोडणारे एक कृत्रिम प्रथिन तयार केले. ते टोचल्यावर, हा ग्राही नसलेल्या उंदरांची चाल सुधारली. निसर्गाची कडी ओळखल्यामुळेच मानवाला तिच्याजागी दुसरी घडविता आली.